मेडिकल कॉलेजात सहयोगीचे प्राध्यापक होताना घोडं नेमकं कुठे अडतं?

होटगी_रोड

सोलापुरात सिव्हिलला जोडलेलं आपलं शासकीय कॉलेज घ्या नाहीतर कुंभारीचं खाजगी, सहयोगी प्राध्यापकांचा प्रश्न एकच: "वर्षं भरली, पेपर (शोधनिबंध) झाले, मग प्राध्यापकपदाची ऑर्डर का नाही?" उत्तरं मात्र टेबलागणिक वेगळी मिळतात. कुणी म्हणतं चार पेपर झाले की झालं. कुणी म्हणतं एमपीएससीशिवाय पान हलत नाही. कुणी म्हणतं मुंबईला फाईल हलवणारा माणूस पाहिजे. इथे आस्थापनेचं काम जाणणारे आहेत, निवड समितीचं कामकाज माहीत असलेले आहेत, पेपर तपासणारेही आहेत. नियम, कागद आणि कुठे फसतं एवढंच लिहा ही विनंती. आत्मचरित्रं नकोत, धागा लांबतो.

आस्थापना_टेबल

ताई, आधी तीन गोष्टी सुट्या करून घ्या. पात्रता, पद आणि मान्यता. निम्मे गैरसमज इथेच मिटतील.

पात्रता ठरवतो राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी. त्यांच्या नियमात बसलात म्हणजे प्राध्यापक *होण्यास लायक* झालात, प्राध्यापक झालात असं नव्हे. पद असतं शासनाचं किंवा संस्थेचं. ते मंजूर हवं, रिक्त हवं आणि त्यावर तुमचा नंबर लागायला हवा. मान्यता नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची: शिक्षक म्हणून एक, पदव्युत्तर मार्गदर्शक म्हणून दुसरी. तिन्हींची कार्यालयं वेगळी, फाईल वेगळी, तारखा वेगळ्या. "एनएमसीने मला प्राध्यापक केलं" असं कुणी म्हणालं तर समजायचं की एनएमसीच्या पोर्टलवर भरलेल्या माहितीची (डिक्लेरेशनची) आणि पदोन्नती आदेशाची गल्लत झालीय.

किमान हिशोब असा. एमडी किंवा एमएसनंतर एक वर्ष सीनियर रेसिडेंट, मग सहायक प्राध्यापक म्हणून ४ वर्षं, मग सहयोगी म्हणून ३. सगळं त्याच विषयात आणि मान्यताप्राप्त किंवा परवानगी असलेल्या संस्थेत. म्हणजे पदव्युत्तर पदवीनंतर ८ वर्षं. हा तळाचा आकडा झाला, सरासरीचा नाही.

पार्कचौक

सुपरस्पेशालिटीला पण हेच का? आणि एम्सला मध्ये "अतिरिक्त प्राध्यापक" असतो, तो आपल्याकडे का नाही?

आस्थापना_टेबल

सुपरस्पेशालिटीला सहायकाची वर्षं कमी, ४ च्या जागी २. पुढची ३ तीच. एम्सची शिडी वेगळी आहे: सहायक, सहयोगी, अतिरिक्त, प्राध्यापक अशा चार पायऱ्या. तिथे ठराविक वर्षांनी मूल्यमापन होऊन माणूस वर जातो, त्याला वरची जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागत नाही. राज्याच्या कॉलेजात मात्र जागा रिकामी नसेल तर पात्रता खिशात घेऊन बसायचं. खरी गोम ही आहे आणि ती एनएमसीच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

स्टेथो_गळ्यात

पेपरांबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथेच परत येतात.

२०२२ च्या शिक्षक पात्रता नियमावलीप्रमाणे सहयोगीसाठी २ पेपर. प्राध्यापकासाठी एकूण ४, त्यातले किमान २ सहयोगी असताना छापलेले. मूळ संशोधन, मेटा-अॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज एवढेच प्रकार चालतात. केस रिपोर्ट, संपादकाला पत्र, साधा रिव्ह्यू आणि पुस्तकातलं प्रकरण बायोडेटाला शोभा आणतात, मोजणीत येत नाहीत.

लेखकांत तुमचं नाव पहिल्या तिघांत हवं, किंवा तुम्ही पत्रव्यवहारासाठीचे लेखक हवेत. चौथ्या क्रमांकावर नाव आणि पत्रव्यवहार दुसऱ्याकडे, असे दहा पेपर असले तरी मोजणी शून्य.

आता इंडेक्सिंग, म्हणजे जर्नल कुठल्या मान्य यादीत आहे ते. नियमात नावं आहेत ती मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायटेशन इंडेक्स, सायन्स सायटेशन इंडेक्स एक्सपांडेड, एम्बेस, स्कोपस आणि डीओएजे. "पबमेडवर दिसतो" हे उत्तर अपुरं आहे. पबमेड म्हणजे शोधायची खिडकी. आतला लेख मेडलाइनमधून आलाय की पबमेड सेंट्रलमधून, ते लिहून द्यावं लागतं. इंडेक्स कोपर्निकस २०१५ च्या खुलाशात चालत होतं, २०२० च्या दुरुस्तीत गेलं. तरी अजून काही नियतकालिकं मुखपृष्ठावर तेच मिरवतात आणि नवखे सहायक पैसे भरून मोकळे होतात.

शेंगा_चटणी

सर, एक शंका. पेपर छापला तेव्हा जर्नल स्कोपसमध्ये होतं, नंतर काढलं. मग?

स्टेथो_गळ्यात

चांगला प्रश्न. छापल्याच्या वर्षी ते यादीत होतं हे दाखवता आलं पाहिजे. स्कोपसच्या स्रोत यादीत प्रत्येक जर्नलपुढे कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत समावेश होता ते येतं. पेपर छापून आला त्याच आठवड्यात त्या पानाचं तारीख दिसेल असं प्रिंट काढा, लेखाच्या पहिल्या पानामागे लावा, वर आयएसएसएन (जर्नलचा क्रमांक) लाल पेनाने अधोरेखित करा. डीओएजेमधून जर्नलं वरचेवर बाहेर पडतात, तिथे तर हे हवंच. तीन वर्षांनी छाननीला बसलेला माणूस त्या दिवशीची यादी उघडतो, तुमच्या काळातली नाही. कागद नसेल तर वाद घालत बसावं लागतं.

आणखी एक सापळा म्हणजे नकली संकेतस्थळ. खऱ्या जर्नलचं नाव, खरा आयएसएसएन, पण साइट भलत्याचीच. ओळखायचं कसं? स्कोपस किंवा डीओएजेच्या नोंदीतूनच जर्नलच्या साइटवर जायचं, ईमेलमधल्या लिंकवरून कधीच नाही. आणि "७ दिवसांत स्वीकृती, पुनरावलोकनासह" असं लिहिलेलं असेल तर तिथून उठायचं. सात दिवसांत आपल्याकडे नैतिकता समितीची तारीखही मिळत नाही.

भुईकोट

नैतिकता समितीचं निघालंच आहे तर. जुन्या केसपेपरवरचा अभ्यास असला तरी संस्थात्मक नैतिकता समितीकडे जावं लागतं. रुग्णाच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती सूट समितीने लेखी द्यायची असते, आपण गृहीत धरायची नसते. पत्राची तारीख माहिती गोळा करायला सुरुवात करण्याच्या आधीची हवी. औषध किंवा उपचार तपासणारी चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी बंद आहे. काम उत्तम झालेलं असतं, पण नोंदणी क्रमांक नसल्याने चांगली जर्नलं दारातूनच परत पाठवतात आणि मग माणूस वाईट जर्नलकडे वळतो. पेपर सुमार जर्नलात दिसला की मूळ चूक बऱ्याचदा दोन वर्षं आधीची असते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध हा सरळ मार्ग आहे. विद्यार्थी पहिला लेखक, मार्गदर्शक दुसरा आणि पत्रव्यवहारही मार्गदर्शकाकडे, हा क्रम न्याय्य आहे आणि नियमातही बसतो. विद्यार्थ्याने काम केलं आणि पहिलं नाव सरांचं, हे काही ठिकाणी चालतं. ते करू नये. गरजही नाही, कारण दुसरा क्रमांक मोजला जातोच. लेखकांचा क्रम प्रबंधाचा आराखडा विद्यापीठाला जातो तेव्हाच कागदावर ठरवून टाका. विद्यार्थी पास होऊन कोकणात गेला की फोन उचलत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय पेपर पाठवता येत नाही.

होटगी_रोड

आणि ते दोन कोर्स? त्यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

भुईकोट

दोन्ही हवेत, आणि सहयोगी होतानाच झालेले असायला हवेत. पहिला बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स. तो आयसीएमआरची चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था चालवते. व्याख्यानं ऑनलाइन, मध्ये असाइनमेंटा, शेवटी परीक्षा. असाइनमेंटांची मुदत चुकली की ती बॅच गेली, पुढच्या सत्राची वाट बघायची. दुसरा मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स, तीन दिवसांचा, एनएमसीच्या ठरलेल्या केंद्राच्या देखरेखीखाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ओपीडीचं कारण सांगून निघून जाणाऱ्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, आणि मिळू नये.

जुन्या नियमात सहयोगी झालेल्यांकडे कधीकधी यातला एखादा नसतो. प्राध्यापकपदाच्या वेळी तो मागितला जातो. तेव्हा धावपळ नको, आत्ताच नाव नोंदवा.

मुळेगाव_नाका

जुलै २०२५ मध्ये नवी नियमावली आली ना? २२० खाटांवाली?

आस्थापना_टेबल

हो. मोठा बदल खालच्या दारात आहे. २२० किंवा जास्त खाटांच्या शासकीय रुग्णालयातला पदव्युत्तर तज्ज्ञ २ वर्षांच्या अनुभवावर सीनियर रेसिडेन्सीशिवाय सहायक, आणि १० वर्षांच्या अनुभवावर थेट सहयोगी होऊ शकतो. रिसर्चचा कोर्स २ वर्षांत पुरा करायची अट आहे. प्राध्यापकपदावर याचा परिणाम वेगळ्या बाजूने होतो: काही विषयांत सहयोगींची रांग वाढणार, वरच्या जागा आहेत तेवढ्याच राहणार. अर्ज करताना आपल्याला कुठली नियमावली लागू होते ते जाहिरातीच्या किंवा परिपत्रकाच्या तारखेवरून ठरवा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यावरून नको.

शेंगा_चटणी

शासकीयमध्ये १२० दिवसांच्या तात्पुरत्या ऑर्डरवर जे काम करतात, त्यांचा अनुभव धरतात का? यावर दोन टोकाची मतं ऐकली.

आस्थापना_टेबल

दोन्ही मतं बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत.

एनएमसीच्या पात्रतेसाठी तो अनुभव धरला जातो, कारण तुम्ही त्या विषयात, त्या पदावर, मान्य संस्थेत शिकवत होता. पण प्रत्येक तुकड्याचा कागद लागतो. हिशोब करून बघा. ४ वर्षं म्हणजे १४६१ दिवस. १२० दिवसांचे १२ आदेश म्हणजे १४४०. तेराव्या आदेशाचे २१ दिवस झाले की ४ वर्षं भरतात. मधले १२ खंड एकेका दिवसाचे धरले तर पात्रतेची तारीख १२ दिवसांनी पुढे जाते. हे काही मोठं नुकसान नाही. मोठं नुकसान म्हणजे १३ नियुक्ती आदेश, १३ रुजू अहवाल आणि १२ कार्यमुक्ती आदेश, यातला सातवा कार्यमुक्ती आदेश सापडत नाही. अधिष्ठाता बदललेले असतात, लिपिक बदलीवर गेलेला असतो आणि आवक-जावक वहीला वाळवी.

ज्येष्ठतेसाठी मात्र हा काळ धरून चालू नका. ज्येष्ठता मोजायची ती नियमित नियुक्तीपासून. म्हणून एखाद्या विभागात दहा वर्षं तात्पुरता असलेला, पात्रतेत वरचढ असूनही, चार वर्षांपूर्वी लोकसेवा आयोगातून आलेल्याच्या खाली असतो. कटू आहे, पण नियम तसा आहे.

पार्कचौक

मग शासकीयमध्ये प्रत्यक्ष पदोन्नती होते कशी? पायरी-पायरीने सांगा की.

आस्थापना_टेबल

दोन वाटा. एक पदोन्नती, दुसरी नामनिर्देशन म्हणजे लोकसेवा आयोगाची सरळसेवा.

पदोन्नतीचा पाया म्हणजे ज्येष्ठता सूची, आणि ती विषयवार असते. म्हणून एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांत शरीरक्रियाशास्त्राचा आधी प्राध्यापक होतो आणि मेडिसिनचा मागे राहतो, किंवा उलट. १ जानेवारीची स्थिती दाखवणारी तात्पुरती सूची आधी निघते, तिच्यावर हरकतीला मुदत असते, मग अंतिम. लोक तात्पुरती सूची उघडूनही बघत नाहीत. रुजू दिनांक चुकलेला, प्रवर्ग चुकलेला, लग्नानंतर बदललेलं नाव जुनंच, असल्या चुका तिथेच लेखी दुरुस्त करून घ्यायच्या असतात. अंतिम झाल्यावर तेच काम दहापट अवघड.

मग प्रस्ताव. मागच्या वर्षांचे कार्यमूल्यमापन (गोपनीय) अहवाल, मत्ता व दायित्वाची विवरणपत्रं, विभागीय चौकशी चालू किंवा प्रस्तावित नसल्याचा दाखला, लागू असेल तिथे जात वैधता, शिवाय एनएमसीची पात्रता: पेपर, कोर्स, अनुभव. विभागीय पदोन्नती समिती बसते, निवडसूची होते. निवडसूचीचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. मग पदस्थापनेचा आदेश. चौकशी चालू असेल तर त्या माणसाबद्दलचा समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात जातो आणि चौकशी संपेपर्यंत तिथेच राहतो.

सगळ्यात जास्त अडतं ते गोपनीय अहवालांपाशी. महापारवर, म्हणजे या अहवालांच्या शासकीय ऑनलाइन प्रणालीवर, स्वमूल्यमापन वेळेत भरलेलं नसतं, किंवा भरलेलं असतं पण प्रतिवेदन अधिकारी (अहवाल लिहिणारा वरिष्ठ) मुदतीत लिहीत नाही आणि निवृत्त होतो. एका वर्षाचा अहवाल नसला तर त्या वर्षीचं "अहवाल नसल्याचं प्रमाणपत्र" लागतं, आणि ते कारणासह लागतं. दरवर्षी आपला अहवाल पुनर्विलोकनापर्यंत पोचला का ते लॉगिन करून बघायला दहा मिनिटं लागतात.

स्टेथो_गळ्यात

यात भर घालतो. पदोन्नतीच्या रांगेत असलात तरी लोकसेवा आयोगाची जाहिरात आली की अर्ज करा. पात्रता अर्जाच्या अंतिम दिनांकाला मोजतात, मुलाखतीच्या दिवशी नाही. अंतिम दिनांक १० मार्च आणि तुमची तीन वर्षं १५ मार्चला भरत असतील तर गेलात. तसंच पेपर. "स्वीकृत" पत्रावर विसंबू नका, छापून डीओआय (लेखाचा कायमचा क्रमांक) आलेला बरा. अर्ज योग्य मार्गाने, ना हरकत प्रमाणपत्रासह. निवड झाली तर राजीनामा "तांत्रिक" आहे हे शब्द राजीनाम्यातही हवेत आणि तो मंजूर करणाऱ्या आदेशातही, नाहीतर मागची सेवा जोडून घेताना पुढे वर्षानुवर्षं पत्रव्यवहार.

कुंभारी_फाटा

खाजगीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथे रांग नसते हे खरं, पण सोपं असतं हे खोटं.

संलग्न खाजगी कॉलेजात पद भरायचं तर बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांची वाटणी) तपासून घेतलेली हवी, वृत्तपत्रात जाहिरात हवी, विद्यापीठाच्या प्रतिनिधींसह निवड समिती हवी. त्या समितीच्या शिफारशीवर विद्यापीठ शिक्षक मान्यता देतं. काही संस्था आधी "पदनामित प्राध्यापक" असं पत्र देतात आणि समिती नंतर बसवू म्हणतात. अशा पत्रावर खुर्ची मिळते, पगारही कदाचित वाढतो; पण पुढे दुसरीकडे गेलात तर प्राध्यापकपदाचा अनुभव मान्यतेच्या तारखेपासून धरायचा की पत्राच्या, यावर भांडण. पत्र घ्या, पण समितीची तारीख लेखी मागा.

अनुभवाच्या पुराव्यात फॉर्म १६ आणि बँकेत जमा झालेला पगार बघतात. रोखीत घेतलेल्या पगाराचा अनुभव सिद्ध होत नाही. आणि हजेरी: आधारची हजेरी, २०२५ पासून चेहरा ओळखणारी, आणि कामाच्या दिवसांच्या ७५ टक्क्यांची अट. ३०० कामाचे दिवस धरले तर २२५. तपासणीपुरतं तोंड दाखवून वर्ष मोजायचे दिवस संपले, आणि बरं झालं.

मुळेगाव_नाका

दुसऱ्या कॉलेजात तात्पुरतं पाठवतात, त्याचं काय? आदेश एका गावाचा, पोर्टलवर नाव दुसऱ्या गावाचं असं होतं.

आस्थापना_टेबल

होतं, आणि पुढे त्रास देतं. प्रतिनियुक्तीवर पाठवलं तर जायच्या दिवशी कार्यमुक्ती, तिकडे रुजू, परत यायच्या दिवशी तिकडून कार्यमुक्ती, इथे रुजू, असे चार कागद. सेवापुस्तकात नोंद चारांची. पोर्टलवर तुमचं नाव ज्या कॉलेजात आहे आणि पगार जिथून निघतो ते जुळत नसेल तर अधिष्ठात्यांच्या सहीने खुलासा त्याच महिन्यात घ्यावा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये एमडीची वाढीव पात्रता नोंदलेली आहे का तेही बघा. मूळ एमबीबीएसच्या नोंदणीवर वीस वर्षं काढलेले लोक आहेत. नूतनीकरण दर ५ वर्षांनी, ३० क्रेडिट गुणांसह. ते लटकलेलं असेल तर पुढचं सगळं लटकतं.

होटगी_रोड

शेवटचा प्रश्न. आदेश आला, पण लांबचा आला. धाराशिव असेल तर ठीक, एसटीने जाऊन-येऊन होतं. गडचिरोली किंवा नंदुरबार आलं तर नाकारता येतं का?

स्टेथो_गळ्यात

येतं, पण फुकट नाही. नाकारलं की निवडसूचीतून नाव जातं, मागचे पुढे जातात आणि आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न मिळता ठराविक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) लाभही हातचा जातो. माझं मत विचाराल तर विषयात प्राध्यापकाची एखाददुसरीच जागा असेल तर जावं. पद मिळाल्यावर बदलीचा अर्ज करता येतो, पण पद गेल्यावर कशाचाच अर्ज करता येत नाही. घरी म्हातारी माणसं किंवा दहावी-बारावीची मुलं असतील तर हिशोब वेगळा, तो ज्याचा त्याने करावा.

कुंभारी_फाटा

सहमत नाही. लांबच्या नव्या कॉलेजात विभागात पदव्युत्तर जागा नसतील तर मार्गदर्शक म्हणून काम थांबतं, पेपर आटतात. ज्यांची दहा-बारा वर्षं सेवा उरलीय त्यांनी तेही बघावं.

आस्थापना_टेबल

दोघांचंही खरं. जायचं ठरलं तर रुजू झाल्यावर एका महिन्यात वेतननिश्चितीचा विकल्प द्यायचा असतो: पदोन्नतीच्या तारखेपासून की खालच्या पदावरच्या पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून. वेतनवाढ जवळ आली असेल तर बहुधा दुसरा फायद्याचा पडतो. दोन्ही आकडे लेखाशाखेकडून मांडून घ्या, विकल्प दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. मग विद्यापीठाकडे पदनाम बदलाचा प्रस्ताव पाठवा आणि एनएमसी पोर्टलवर पद दुरुस्त करून घ्या. ही शेवटची दोन कामं कुणी आपणहून करून देत नाही. आदेश खिशात असूनही विद्यापीठाच्या परीक्षक यादीत वर्षभर सहयोगीच राहिलेले प्राध्यापक त्यामुळेच दिसतात.